डोंग्याचा तळ

गुलाबने पुतण्याच्या मदतीने मासेमारीचा डोंगा ट्रॉलीवर चढवून घरी आणला आणि बायकोला म्हणाला, "सेलूहून शेवाळ न धरणारा रंग आना लागते. तळाले मारू."

भागीरथा चमकली. "तो रंग पाण्यातच राह्यणाऱ्या डोंग्याले लागते. आपला तं तुमी रोज संध्याकाळी ओढून ट्रॉलीवर ठेवता ना?"

"ठेवतो ना. तरी मारू."

तिने वाकून तळावरून हात फिरवला. तळवा हिरवा, बुळबुळीत झाला.

"खरं सांगा, रातच्याले डोंगा कोणाले देऊन राह्यले? तलावात चोरून जाळं टाकणाऱ्याईले?"

गुलाबने पायाने ट्रॉलीच्या चाकाला दगड लावला.

"मच्छीमार सोसायटीतून काढतीन आपल्याले! बोला ना काही!"

गुलाबने उजवा हात पुढे केला आणि मूठ वळायला गेला. ती अर्धीच वळली आणि थांबली.

"दोन महिने झाले," तो म्हणाला. "एकट्यानं ओढनं होत नाई वं. पाण्यातच बांधून येतो."

भागीरथाने तो हात दोन्ही हातांत घेतला.

"रंगाचं राहू द्या," ती म्हणाली. "सकाळी दवाखान्यात जाऊ. अन् संध्याकाळी मी येतो तलावावर, दोघं ओढू."