पन्नासावी प्रत

झेरॉक्स काढून, घड्या घालून, स्टेपल मारून मी माझ्या नव्या कॉमिकच्या पन्नास प्रती केल्या होत्या. तासाभरात प्रदर्शनात टेबल मांडायचं, आणि प्रती भरतायत एकोणपन्नास! पिशवी तीनदा उलटी केली, गाद्या उचलल्या. जीव थाऱ्यावर नव्हता, कारण हे कॉमिक बाबांवर होतं.

बाबांनी छापखान्यात तीस वर्षं लोकांची प्रुफं तपासली. सोळाही पानांवर मी त्यांना पाठमोरं काढलं होतं, आणि शेवटच्या चौकटीत लिहिलं होतं, ‘बाबा सगळ्या जगाचं वाचतात. माझं कधीच वाचत नाहीत.’

“किती थयथयाट करशील?” आई म्हणाली. “दर वेळी तुझी एक प्रत कमी भरतेच की.”

“अगं, पण या वेळी ती बाबांच्या हाती लागली म्हणजे?”

“लागली तर लागली. खाणारेत का तुला?”

मी चपला घालायला वाकले, तर प्रत चपलांशेजारच्या स्टुलावरच होती. उघडली. पानापानावर लाल पेन फिरलं होतं. पहिल्याच संवादाच्या फुग्यातला माझा ‘कि’ दीर्घ केला होता, पाचव्या पानावर राहिलेला अनुस्वार दिला होता. शेवटच्या चौकटीतल्या त्या वाक्याभोवती मात्र नुसता लाल गोल होता, आणि शेजारी बाबांचं बारीक अक्षर.



“शुद्धलेखन बरोबर. माहिती चूक.”