दर आठ मिनिटांनी

"वन्सं, तुमची पाळी संपली. उठा आता," वहिनी म्हणाल्या.

नणंदेने चष्मा काढून डोळे चोळले. "सकाळपासून चाळीस लग्नं लागली माझ्यासमोर. जेवायला एकानेही विचारलं नाही."

टेबलावर काळी डबी घरघरत होती. वहिनींच्या यजमानांनी तीस वर्षं चालवलेला फोटो स्टुडिओ आता त्या हार्ड डिस्कमध्येच काय तो उरला होता. तिचे दिवस भरलेत, असं दुरुस्तीवाला सकाळी सांगून गेला होता. दहा मिनिटं काम नसलं की ती आपोआप थांबते, आणि आता थांबली तर पुन्हा फिरेलच असं नाही. फोटो उतरवून घ्यायला कॉम्प्युटरमध्ये तिळाइतकीही जागा नव्हती. नवी डिस्क घेऊन तो पाचला येणार होता. तोवर दर आठ मिनिटांनी एक फोटो उघडून तिला जागं ठेवायचं.

"हात लावून बघा, फणफणलीय नुसती." नणंदेचा जन्म नर्सची नोकरी करण्यात गेला होता. "घटकाभर बंद ठेवू या. थकलेल्या जिवाला विसावा नको?"

"यांच्या वेळीही तुम्ही हेच म्हणालात. 'पडू दे जरा दादाला.'"

नणंद आत जाऊन आडवी झाली.

वहिनींनी फोटो उघडला. साऱ्या गावाचे फोटो काढणाऱ्या माणसाचा स्वतःचा असा हा एकच. वहिनींनी काढलेला, म्हणून कोपऱ्यात त्यांचं बोट आलेलं. 'अगं, बोट काढ, बोट!' म्हणत तो माणूस पोट धरून हसतोय.

आठ मिनिटं झाली. फोटो बंद केला, परत उघडला. परक्यांची लग्नं बघायला आता डोळ्यांत जोर नव्हता. पाठ भरून आली होती. डबीची घरघर ऐकू येण्याइतके कान आता राहिले नव्हते, म्हणून त्या घड्याळाकडे बघून चालल्या होत्या. बंद केला. उघडला. दोन तास.

दुरुस्तीवाल्याने आल्या आल्या डबीवर हात ठेवला. ती गार होती.

"थांबलीय की हो, आजी."

"असं कसं? मी एकदाही चुकले नाही."

"कुठले कुठले फोटो उघडलेत?"

"हाच."

त्याने स्क्रीनवरच्या फोटोकडे पाहिलं. "एकदा बघितलेला फोटो कॉम्प्युटर चालू असेतोवर स्वतःजवळ धरून ठेवतो. पुन्हा मागितलात की तोच दाखवतो. डिस्कला उठवतच नाही."

त्याने वायर काढून लावली. पुन्हा लावली. आत नुसती टकटक, मग तीही नाही. नणंद दारात येऊन उभी होती.

"कॉम्प्युटर एकदा बंद करून बघतो," तो म्हणाला.

वहिनींनी त्याचा हात धरला.

"नको. बंद करू नका. आणि दुसरं काही उघडूही नका."