चिखलातली बैठक

फिनलंडमध्ये दलदलींवर भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय बैठकीला माती संशोधन संस्थेतून चौघं जाणार होते: संचालक, उपसंचालक, सचिव आणि सचिवांचा मेहुणा. बारा वर्षं गुडघाभर चिखलात उभं राहून दलदलीच्या मातीचा अभ्यास करणाऱ्या हेमांगी नाडगौडाकडे त्यांची तिकिटं काढायचं काम आलं होतं.

"मला खिडकीजवळची जागा बघा हं, मॅडम," संचालक म्हणाले. "आणि हॉटेलात गरम पाण्याचा टब हवा."

"हॉटेल नाहीये, सर." हेमांगीनं यजमानांचं पत्र उघडलं. "बैठक दलदलीतच आहे. पाच दिवस तंबूत राहायचं, रोज चौदा किलोमीटर चिखलातून चालायचं. डासांसाठी जाळीच्या टोप्या ते देणार, गमबूट आपले आपण न्यायचे."

उपसंचालकांचा गुडघा बसल्याजागी दुखू लागला. सचिवांना मुलीची परीक्षा आठवली. मेहुणा तर अर्धा चहा टाकूनच उठला.

संचालकांनी घसा खाकरला. "तरुणांना संधी मिळायला हवी, असं मी नेहमीच म्हणत आलोय."

सत्तेचाळीस वर्षांच्या तरुण हेमांगीनं गंभीरपणे मान डोलावली आणि साहेबांचं मत बदलायच्या आत बैठकीला जाण्याच्या आपल्या अर्जावर त्यांची सही घेतली.