चौथा खांदा

“अहो, चौथा खांदा कोण देतंय?” गुरुजी ओरडले. मी गर्दीतून पुढं घुसलो.

तिरडीवर होता आमच्या गावाला वेड लावणाऱ्या ‘काळा फळा’ बँडचा गायक. खांद्याला त्याच बँडचे उरलेले तिघे. बँड फुटल्यावर मी प्रत्येकाच्या पाया पडलो होतो, “दादा, एकदाच एकत्र वाजवा.” सगळ्यांचं उत्तर एकच, “बाकीचे असतील तिथं मी पाय ठेवणार नाही.”

आम्ही निघालो, पण पावलं जुळेनात. तिरडी हेलकावायला लागली, त्याचं डोकं कललं. तेव्हा मागून ड्रमर घोगऱ्या आवाजात म्हणाला, “वन, टू, थ्री, फोर!”

त्यांचं प्रत्येक गाणं असंच सुरू व्हायचं.

पावलं एकदम जुळली. आणि मी वेड्यासारखा, तो गायला लागायची वाट बघत राहिलो.