वेगळा आयडी

"जोडलं," सॉफ्टवेअर बसवायला आलेला पार्थ म्हणाला आणि शरयू पडद्याकडे सरकली. "आता तुमच्या ईमेलवरचे जुने सगळे मेल सॉफ्टवेअर स्वतः ओढून घेईल. कुठला ग्राहक कोणी सांभाळला, ते समोर येईल."

शरयूला तेवढंच हवं होतं. जालन्यातल्या या छोट्या बियाणे कंपनीत माणसं मोजकी, आणि सगळ्यांत मिळून ईमेल एकच. वेगळा आयडी तिने कितीदा मागितला. जगन्नाथशेठ दर वेळी हसून म्हणायचे, "ताई, तुम्ही घरच्याच. घरात काय दोन चुली मांडायच्या?" एकदा घरची ठरवलं की बाईला पगारवाढ मागता येत नाही आणि नावही.

मात्र पोळ्याच्या दिवशी शेठ सगळ्यांसमोर बोलून गेले होते, "जो जास्त गिऱ्हाइकं सांभाळतो, तो विक्रीप्रमुख." मेल सगळे तीच लिहायची, म्हणून तर सॉफ्टवेअर निवडायचं काम तिने मागून घेतलं. एक ईमेलला जुळेना. दुसरं अर्धेच मेल उचलायचं. हे सगळे उचलत होतं, शिवाय मराठीत बोलत होतं.

पडदा भरला. पहिलंच नाव धावड्याचे दुकानदार रायभान. गेल्या हंगामात त्यांच्या गावात कंपनीचं सोयाबीन उगवलं नाही, तेव्हा ते माल बंद करायला निघाले होते. शरयूने रोज लिहून, समजावून, बियाणं बदलून देऊन त्यांना धरून ठेवलं. त्यांच्या नावापुढे आलं होतं: सांभाळणारी व्यक्ती, अपूर्व. खाली तीर्थपुरीचे, जाफराबादचे दुकानदार. तिथंही अपूर्वच.

अपूर्व शेठचा मुलगा. कॉलेजात असताना त्याने तो ईमेल उघडून दिला होता, स्वतःच्या नावाने; सॉफ्टवेअरने तेच नाव उचललं. नंतर कधी त्यात डोकावलाही नाही. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. फक्त शेठशेजारी उभ्या या नागोबाला बीळ आपलं आहे हे आज कळलं.

"शेठ, हे सगळे मेल मी लिहिलेत."

"लिहिले असतील. पण मशीन कशाला कुणाची बाजू घेईल, ताई? आन् मशीन बी तुम्हीच पसंत केलं."

"अपूर्व, तू सांग ना."

अपूर्वने थोडा वेळ फोन चाळला. "ताईंची मदत होतेच, बाबा," तो म्हणाला.

मदत! शरयूच्या तोंडाशी शिवी आली. तिने ती गिळली. घरचीच ना ती.

शेठनी मुलाच्या पाठीवर थाप मारली आणि मग एकदम उदार झाले. "पार्थ, ताईला बी वेगळा आयडी देऊन टाका. कधीच्या मागून राह्यल्या बिचाऱ्या."

पार्थने तिच्याकडे न बघता तिचं नाव टाकलं. पडद्यावर स्वच्छ मराठीत अक्षरं उमटली:

"नमस्कार, शरयू! तुमच्याकडे अजून एकही ग्राहक नाही."