फोन मिटल्यावर

“आईचं मौन अजून सुटलं नाही का?” रुचिराने दोहाहून विचारलं.

“तुझं बाळंतपण सुखरूप होईपर्यंत सुटायचं नाही ते. तुला माहितीये ना ती किती हट्टी आहे,” सहदेव म्हणाला. “ही काय, इथेच बसलीय. ऐकतेय सगळं.”

“बरं. मग तिला सांगा, आज फार लाथा मारल्या.”

“मारणारच. नातू कुणाचा? चल, ठेवतो गं.”

त्याने फोन मिटला. टप्प आवाज झाला. घरात दुसरं कुणीच नव्हतं.

सुगंधाला जाऊन तिसरा महिना लागला होता. ती गेली तेव्हा रुचिराला सहावा होता. आधीचं एक मूल पोटातच गेलेलं, त्यामुळे डॉक्टरांनी पोरीला अंथरुणातून हलायला बंदी केली होती. “बाबा, आत्ता नको सांगायला. तिला झेपायचं नाही,” असं जावयानेच, श्रेयसने, सांगितलं. सहदेवने गावाकडच्या भावापासून मुलुंडच्या शेजाऱ्यांपर्यंत सगळ्यांना शपथ घातली आणि स्वतः मौनव्रताची थाप मारली.

थाप तशी कच्चीच होती. सुगंधा झोपेतही बोलणारी बाई. पण रुचिराने एकही उलट प्रश्न विचारला नाही. सहदेवला आधी नवल वाटलं, मग हायसं वाटलं. व्हिडिओ कॉलही तिनेच बंद केले. “तोंड सुजलंय बाबा, दाखवावंसं वाटत नाही,” म्हणाली. ते त्याच्या पथ्यावरच पडलं.

फोन श्रेयसने गणपतीत आणलेला, घडीच्या फोनांतला सगळ्यात स्वस्त. स्क्रीनला मधोमध सुरकुती, फोटो धुरकट, पण सहदेवचा त्याच्यावर जीव होता. उघडला की बोला, मिटला की संपलं. ऑफिसातल्या काळ्या फोनचा रिसीव्हर ठेवल्यासारखं वाटायचं. फोन नेहमी तोच आधी ठेवायचा. थोरांनी ठेवल्याशिवाय आपण ठेवायचा नाही, हे सुगंधाने लेकीला लहानपणीच शिकवलं होतं.

मग मिटलेला फोन ओट्यावर ठेवून तो भात लावायचा आणि बायकोशी मोठ्याने गप्पा मारायचा, मालवणीत, तिला आवडायचं तसं.

“ऐकलंस गो? लाथा मारता म्हणे. आज आमटी खारट झाली हा, पण खातंय. तुझ्याशिवाय करमना नाय माका. तुझ्या पाठोपाठच येवचा होता. पण त्या पोराक एकदा मांडीर घेवंदे. मगे माझा हय काय काम नाय. तोपर्यात प्रेशरचे गोळये खातंय.”

कधी कधी त्याला रडू फुटायचं. तेव्हा तो गॅस बारीक करून तिथेच उभा राहायचा.

फोनबद्दल तक्रार एकच होती, बॅटरीची. दुपारी भरलेला फोन जेवणाच्या वेळेपर्यंत मान टाकायचा. शेवटी तो खालच्या मजल्यावरच्या गार्गीकडे गेला. ती स्टेशनजवळच्या मोबाइलच्या दुकानात कामाला होती.

“काका, रोज संध्याकाळी तास तासभर कॉल करता, मग बॅटरीने काय करायचं?” फोन चाळून ती म्हणाली.

“तासभर? छे गं. पाच-दहा मिनिटं बोलून मिटतो मी.”

“मिटता, पण कट कुठे करता? ह्याचं सेटिंगच तसं ठेवलंय. मिटला तरी कॉल चालूच राहतो. लाल बटण दाबायचं ना काका. नाहीतर समोरच्याने कट करायचा. बदलून देऊ?”

“राहू दे आता. उद्या बघू,” असं म्हणून सहदेवने फोन काढून घेतला. तो जिना चढून घरी आला.

समोरच्याने कट करायचा. आणि रुचिरा कधी आधी ठेवत नव्हती.

म्हणजे आई गेल्याचं पोरीला कधीच कळलं होतं. दुपारभर तो खुर्चीत बसून राहिला. आपल्या हातून हे काय झालं, असं त्याला वाटत राहिलं. मग वाटलं, कळूनही तिने निभावलं की. पोटातल्या जिवासाठी तिने एकटीने सोसलं. आईवर गेलीय पोरगी. पण खात्री करायला हवी होती. कदाचित ती फोन बाजूला टाकून देत असेल, काही ऐकतही नसेल.

संध्याकाळी त्याने रोजच्यासारखा फोन लावला. रोजच्यासारखंच बोलला.

“लाथा?”

“मारतोय ना. गोळी घ्या हां बाबा.”

“घेतो. चल, ठेवतो.”

त्याने फोन मिटला, पण ओट्यावर ठेवला नाही. सुगंधाशी एक शब्द बोलला नाही. मिटलेला फोन कानाशी धरून तो स्वयंपाकघरात पाटावर बसला.

 पाच-दहा मिनिटांनी पलीकडून रुचिराचा दबका आवाज आला.

“आज आईशी बोलत नाहीयेत. भांड्यांचाही आवाज नाही. बरे असतील ना रे?”

सहदेवचे डोळे भरून आले. किती दिवस माझ्यापासून लपून रडली असेल ही. आता लपवायचं कशाला? दोघांनी मिळून मन मोकळं करावं, म्हणून त्याने फोन उघडायला बोट लावलं. तेवढ्यात श्रेयसचा आवाज आला.

“बस कर आता, रुची. खरं ते सांगून टाकू त्यांना.”

“नको. रोज काय म्हणतात ते ऐकतोस ना तू? तेवढ्या एका आशेवर आहेत ते.”

“आणि पुढच्या महिन्यात? बाळ कुठून आणणार आहेस?”