पन्नास मिनिटं

नियमापुढे सगळी माणसं सारखी असतात. म्हणूनच विमानतळावर त्यांच्या तीन रांगा केल्या होत्या: दोन डोसवाल्यांची, एका डोसवाल्यांची आणि बिनडोसाची.

त्रुटीसाहेब दोन्ही डोस घेऊनही तिसऱ्या रांगेत उभे होते, कारण त्यांची मुलगी त्या रांगेत होती. पोरगी पंधरा वर्षांची. तिच्या वयाला लस अजून मंजूर व्हायची होती. अशा मुलांना परदेशी जायचं, तर स्वॅब दिल्यापासून बहात्तर तासांच्या आत विमान उडायला हवं, असा नियम होता. तो त्यांनी छापून, खाली रेघा मारून फाइलला लावला होता.

त्रुटीसाहेब हे त्यांचं नाव नव्हे, कमाई होती. सव्वीस वर्षं छाननी विभागात बसून त्यांनी लोकांचे अर्ज 'त्रुटीपूर्ततेसाठी परत' असा शेरा मारून परत पाठवले होते. खुद्द वरिष्ठांचा रजेचा अर्जही तारीख नाही म्हणून एकदा परत गेला होता. बायको म्हणायची, "बरं झालं, लग्नाला होकार मी तोंडी दिला. लेखी दिला असता तर अजून माहेरीच असते."

ही बायको दोन वर्षांपूर्वी परदेशातल्या एका हॉस्पिटलात नर्स म्हणून गेली. मग साथ आली आणि सगळ्यांची दारं बंद झाली. आता ती स्वतःच्याच वॉर्डातल्या खाटेवर होती. आजार साथीचा नव्हता. पोटातला, जुन्या वळणाचा. सोमवारी डॉक्टरांचा फोन आला. किती दिवस आहेत, असं त्रुटीसाहेबांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "निघा. मुलीला घेऊन निघा."

विमानं आठवड्यातून दोनच, मंगळवारी आणि शनिवारी. मंगळवारचं भरलेलं होतं. शनिवारचं मिळालं.

दोन वर्षांत मुलगी चांगली वीतभर वाढली होती, पण आईला ती फोनवर फक्त गळ्यापर्यंत दिसायची. "मी तुझ्यापेक्षा उंच झालेय," असं ती सांगायची आणि आई मानायची नाही. परवा आई म्हणाली होती, "ये. मी आडवीच आहे. शेजारी येऊन झोप, म्हणजे कळेल कोण लांब आहे ते."

त्यांचा नंबर आला. काउंटरवरच्या बाईनं रिपोर्ट पाहिला. निगेटिव्ह. तिनं बोर्डिंग पास काढायला हात पुढे केला.

"ताई," त्रुटीसाहेब म्हणाले, "विमान साडेआठचं होतं. ते आता दहाला सुटणार, असं बोर्डावर आलंय. हिचा स्वॅब बुधवारी नऊ वाजून दहा मिनिटांचा आहे."

"बरं मग?"

"बहात्तर तास पन्नास मिनिटं होतात."

"बाबा!" मुलगी म्हणाली.

"काका, तिकिटावर साडेआठच लिहिलंय ना?" बाईनं आवाज खाली आणला. "तुम्ही मला विचारलंच नाहीत असं समजा."

पण विचारलं होतं. परदेशात उतरल्यावर कोणी हेच गणित मांडलं, तर पोरीला एकटीला आल्या पावली परत पाठवतील, अशी त्यांना धास्ती होती. तशी त्यांनीही माणसं परत पाठवलीच होती. ते म्हणाले, "तुमच्या वरिष्ठांना विचारून घ्या. म्हणजे नंतर प्रश्न नको."

वरिष्ठ आले. तरुण होते, घाईत होते. त्यांनी फाइल पाहिली, त्रुटीसाहेबांकडे पाहिलं, मग मुलीकडे. "विचारायला नको होतं हो," ते म्हणाले. "आता विचारलंत, तर मला नाहीच म्हणावं लागणार."

मुलगी रडली नाही. पोचवायला आलेली आत्या अजून बाहेर दाराशीच उभी होती, तिच्याकडे तिनं बॅग ओढत नेली. जाताना म्हणाली, "तुम्ही जा बाबा. आईपाशी कोणीतरी पाहिजे." सोमवारी नवा स्वॅब, मंगळवारचं विमान. आत्या बसवून देणार, बाबा उतरवून घेणार. सगळं रीतसर ठरलं.

परदेशात दोन डोसवाल्यांना वेगळ्या दारानं सोडत होते. त्रुटीसाहेब पाच मिनिटांत बाहेर आले.

बायको जागी होती. तिनं त्यांना पाहिलं आणि मग त्यांच्यामागच्या दाराकडे बघत राहिली. पलंगावर ती एका कडेला सरकून पडली होती.

"अहो, ती?"

"मंगळवारी येतेय. रिपोर्टात त्रुटी निघाली."

बायकोनं दारावरची नजर त्यांच्याकडे वळवली. मग तिनं विचारलं, "कुणी काढली?"

त्रुटीसाहेबांनी खिडकीचा पडदा सारखा केला. तो सारखाच होता.

सोमवारी दुपारी बायको गेली. त्यांनी आत्याला फोन केला, आत्यानं मुलीला सांगितलं.

मंगळवारी ते विमानतळावर वेळेच्या तासभर आधी जाऊन उभे राहिले. काचेचं दार उघडलं आणि मुलगी आली. डोळे सुजलेले. हातात फाइल. तिच्याशी काय बोलायचं, याची त्यांनी कितीदा मनात जुळवाजुळव केली होती. आता त्यातलं काहीच आठवेना.

"रिपोर्ट," ते म्हणाले, "उतरल्यावर नीट तपासला का त्यांनी?"

"आत कोणीच नव्हतं, बाबा," मुलगी म्हणाली. "तपासणीच्या टेबलावर कुंडी ठेवलीय."